'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' नीट कसा बघायचा, आणि त्यातून फार्स कसा शिकायचा

फार्स, म्हणजे गोंधळ आणि गैरसमजांवर धावणारी कॉमेडी, लिहायचाय, एकांकिका बसवायचीय, किंवा जुन्या हॉलिवूडच्या कॉमेडीत शिरायचंय पण सुरुवात कुठून करू कळत नाही, असं कोणी विचारलं की मी दिग्दर्शक फ्रँक काप्राचा 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' सांगते. 1944 साली थिएटरात आलेला, ब्लॅक अँड व्हाइट, 118 मिनिटांचा. ब्रुकलिनमधलं एक जुनं घर, त्यात राहणाऱ्या दोन अतिशय मायाळू म्हाताऱ्या बहिणी, आणि त्यांच्या तळघरात पुरलेली माणसं. खुनांचा सिनेमा आहे आणि पोट धरून हसवतो, आणि हे कसं जमवलंय ते शोधायला बसलात तर लिहिण्याचं इतकं काही हाताला लागतं की वही भरते.

आता नुसता लावून बघितला तरी हसू येतंच, पण बरेच जण पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत सोडून देतात, नाहीतर शेवटपर्यंत बघून म्हणतात हिरो फार ओरडतो बुवा. दोन्हीचं कारण मला एकच वाटतं, आपण सगळा वेळ हिरोकडे बघत बसतो. ह्या घरात जो ओरडतोय तो सोडून बाकीचे सगळे एकदम निवांत आहेत, आणि खरी गंमत त्या निवांतपणात आहे. खालची सगळी पद्धत ह्याच एका गोष्टीवर उभी आहे.

स्पॉयलरचं आधी सांगून टाकते. तळघरात माणसं पुरलीत हे पहिल्या अर्ध्या तासातच कळतं त्यामुळे ते लपवण्यात अर्थ नाही, मधल्या सीनबद्दल मी सविस्तर लिहिलंय, आणि शेवट अगदी शेवटच्या भागात आहे, तिथे पोचल्यावर परत सांगीन.

बघायच्या आधी दहा मिनिटं काढा

काही संदर्भ माहीत नसतील तर ह्यातले अर्धे विनोद डोक्यावरून जातात. अमेरिकेतल्या तेव्हाच्या प्रेक्षकाला ते लहानपणापासून पाठ होते, आपल्याला नाहीत, एवढंच.

पहिला संदर्भ थिओडोर रूझवेल्ट. हे 1901 ते 1909 अमेरिकेचे अध्यक्ष होते, सगळा देश त्यांना टेडी म्हणायचा. त्याआधी 1898 साली क्यूबात स्पेनविरुद्धच्या लढाईत सॅन वान टेकडीवर केलेल्या चढाईमुळे ते हिरो झाले होते, आणि अध्यक्ष असताना पनामा कालव्याचं काम त्यांनी सुरू करवून घेतलं. त्या कालव्याच्या भागात पीतज्वराने, म्हणजे यलो फीव्हरने, माणसं पटापट मरायची. आता सिनेमात ह्या दोन म्हाताऱ्यांचा एक भाचा आहे, त्याचंही नाव टेडी, आणि तो स्वतःला रूझवेल्टच समजतो. घरातला जिना म्हणजे त्याची सॅन वान टेकडी, म्हणून दर वेळी वर जाताना 'चार्ज' असं ओरडत धावत सुटतो आणि दार धाडकन आपटतो. तळघर म्हणजे पनामा, तिथे तो कालवा खणत असतो. आणि आत्यांनी त्याला सांगितलं की हा बिचारा पीतज्वराने गेला, की तो मनापासून त्याला पुरून येतो. हे कळलं की लक्षात येतं टेडीचं वेड नुसतं हसवायला ठेवलेलं नाहीये, ते अख्ख्या प्लॉटचं इंजिन आहे, खड्डा कोण खणणार आणि प्रेत कोण उचलणार ह्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं लेखकाने एका पात्रात बसवून टाकलीत.

दुसरा संदर्भ बोरिस कार्लॉफ. 1931 च्या 'फ्रँकेनस्टाईन' मधला तो राक्षस, टाके घातलेला चेहरा आणि जड पापण्या, एखादा फोटो बघून घ्या, पुरे. सिनेमात दुसरा भाचा जोनाथन येतो तो खुनी आहे, पोलीस मागावर आहेत, आणि त्याच्यासोबतच्या प्लास्टिक सर्जनने दारू पिऊन ऑपरेशन करताना नेमका कार्लॉफचा चेहरा त्याला चिकटवलाय. कोणी तसं म्हणालं की जोनाथन पेटतो. मूळ नाटकात हा जोनाथन खुद्द कार्लॉफ करायचा, म्हणजे स्वतःच्याच चेहऱ्यावरून चिडायचा, त्या हशाची कल्पना करा. नाटक 10 जानेवारी 1941 ला ब्रॉडवेवर उघडलं आणि जून 1944 पर्यंत चाललं, 1,444 प्रयोग. सिनेमाचं शूटिंग 1941 च्या शेवटीच झालं पण करार असा होता की नाटक चालू आहे तोवर सिनेमा लावायचा नाही, म्हणून तो तयार होऊन पडून राहिला. दोन्ही आत्या आणि टेडी करणारे कलाकार, जोसेफिन हल, जीन अडेअर आणि जॉन अलेक्झांडर, यांना नाटकातून सुट्टी मिळाली, कार्लॉफला नाही मिळाली कारण तिकिटं त्याच्या नावावर जात होती. म्हणून सिनेमात रेमंड मॅसीला मेकअप करून उभा केलाय. ही तिन्ही मंडळी कित्येक महिने रोज प्रयोग करून आलेली आहेत हे मात्र ध्यानात ठेवा, त्यांच्या टायमिंगमध्ये ते दिसतं.

तिसरं, ब्रूस्टर हे घराणं. म्हणजे मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेत आलेल्या पहिल्या लोकांपैकी, तिकडचे खानदानी. पडद्यावर पूर्वजांच्या तसबिरी दिसतात आणि एकेकाचे पराक्रम ऐकायला मिळतात तेव्हा ह्या खानदानीपणाचीच सालं काढलेली असतात. आणि सगळं हॅलोविनच्या दिवशी घडतं, भुतांचा सण, शेजारी चर्च आणि कबरस्तान.

पहिल्यांदा बघताना

एका बैठकीत बघा. पॉज करू नका. हे मी फार आग्रहाने सांगते कारण हा सिनेमा चढत जाणारा आहे, एकावर एक थर बसत जातात, मध्ये जेवायला उठलात किंवा उद्या उरलेला बघू म्हणालात तर थर बसलेले मोडतात आणि परत पहिल्यापासून चढावं लागतं. शक्यतो एकट्याने नका बघू, दोघं-तिघं तरी असू द्या, फार्स हशावर चालतो आणि घरात एकट्याला हसायला उशीर लागतो.

इंग्रजी सबटायटल्स लावाच, इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी. डायलॉग अंगावर धावून येतात, दोघं एकाच वेळी बोलतात, आणि पीटर लॉरी जो तो सर्जन डॉक्टर आइन्स्टाइन झालाय तो इतकं पुटपुटतो की त्याची सगळ्यात भारी वाक्यं हमखास सुटतात. कुठे रंग चढवलेली कॉपी दिसली तर ती घेऊ नका, अर्धा सिनेमा सावल्यांवर चालतो.

सुरुवातीचा भाग, बेसबॉलच्या मैदानावरची मारामारी आणि मॅरेज लायसन्सच्या ऑफिसातली रांग, हा नाटकात नाहीये, सिनेमाने जोडलेला आहे. मला तो ठीकठाक वाटतो. त्यातून घ्यायचं ते इतकंच की मॉर्टिमर ब्रूस्टर, म्हणजे कॅरी ग्रँट, हा आत्यांचा तिसरा भाचा, नाट्यसमीक्षक आहे, लग्नाविरुद्ध पुस्तकं लिहून प्रसिद्ध झालाय आणि आता काळा चष्मा लावून चोरून लग्न करतोय, शेजारच्या पाद्र्याच्या मुलीशी, एलेनशी. दोघांना हनिमूनला नायगाराला जायचंय, टॅक्सी दारात उभी आहे. टॅक्सी उभी आहे हे विसरू नका, लेखक विसरलेला नाहीये. इथे कंटाळा आला तरी धीर धरा, घरात शिरलो की सिनेमा सुरू.

एकदा घरात शिरलो की मग जवळजवळ बाहेर पडतच नाही. दिवाणखाना, जिना, वरच्या खोल्यांची दारं, तळघराचं दार, स्वयंपाकघर, मुख्य दार आणि खिडकीखाली ती बसायची लांबट पेटी जिचं झाकण उघडतं. मराठी नाटकं बघत मोठे झालेल्यांना हे घर ओळखीचं वाटेल, एक सेट, पाच-सहा एन्ट्र्या आणि घड्याळ लावलेली माणसं.

पेटी उघडण्याचा सीन

हा सीन आला की पुढे सरसावून बसा. मॉर्टिमर आपल्या पुस्तकाची टिपणं शोधतोय, इकडे तिकडे बघत खिडकीतल्या पेटीचं झाकण उचलतो, आत बघतो, झाकण टाकतो आणि शोधत पुढे निघतो. आणि मग थांबतो. डोळ्यांनी बघितलेलं मेंदूपर्यंत पोचायला जो वेळ लागतो तो ग्रँट आपल्याला मोजून दाखवतो, मग परत पेटीकडे जातो. आतला माणूस कॅमेरा आपल्याला दाखवत बसत नाही, सगळं ग्रँटच्या चेहऱ्यावर आहे. नट असाल तर ही उशिरा येणारी प्रतिक्रिया आरशासमोर करून बघा. घाई केली तर हशा मिळत नाही आणि लांबवली तर नाटकी होतं, आणि मधली जागा शोधायला तालीमच लागते.

पण मी म्हणते तसं, खरा धडा ह्याच्या पुढच्या मिनिटात आहे. मॉर्टिमरला वाटतं हे काम टेडीचं, आता ह्या बिचाऱ्या आत्यांना कसं सांगायचं. म्हणून तो अगदी हळुवारपणे विषय काढतो, धीर देत देत, पेटीत एक प्रेत आहे म्हणून सांगतो. आणि आत्या म्हणतात, हो रे बाळा, माहितीये आम्हाला.

झालं. इथून पुढे सिनेमा उलटा होतो. ज्यांना सांभाळायचं त्या मजेत आहेत आणि जो सांभाळणार होता त्याचे पाय लटपटतायत. पेटीतले होस्किन्स नावाचे गृहस्थ खोली भाड्याने मिळेल का विचारायला आले होते, एकटे होते, मागेपुढे कोणी नव्हतं, मग आत्यांनी त्यांना एल्डरबेरीची वाईन दिली. हे त्यांचं समाजकार्य आहे. ह्याआधी 11 झाले, होस्किन्स 12 वे.

आत्यांचा तर्क नीट ऐका कारण तो एकदम पक्का आहे. पहिले एक गृहस्थ त्यांच्याकडे खोली बघायला आले आणि खुर्चीत बसल्या बसल्या आपल्याआपण, हार्टने गेले. चेहऱ्यावर इतकी शांती होती की दोघींना वाटलं अरे, अशी शांती आपल्याला अजून एकट्या जिवांना देता आली तर किती बरं. वडिलांचा औषधं बनवायचा धंदा होता, वरच्या मजल्यावर त्यांची प्रयोगशाळा, विषाच्या बाटल्या पडून होत्याच, आणि नेमका तेव्हाच टेडी खाली पनामात खणत होता. एकही पायरी खोटी नाही. फार्स लिहिणाऱ्याने हे घोकून ठेवावं असं मला मनापासून वाटतं: एकच वेडी गोष्ट गृहीत धरायची आणि तिथून पुढे सगळं सरळ व्यवहाराने चालवायचं. दर दोन मिनिटांनी नवीन वेडेपणा घुसवलात तर प्रेक्षक हात सोडतो.

वाईनची कृतीसुद्धा मार्था आत्या अशी सांगते जशी शेजारीण लोणच्याची सांगेल, हे एवढं चमचाभर, ते त्याच्या निम्मं, आणि वरून सायनाइड अगदी चिमूटभर. मोठ्या मापावरून लहान मापावर येत येत शेवटचा शब्द सगळ्यात भयंकर. विनोदी वाक्य कुठे संपवायचं हे शिकायला इतका छोटा आणि इतका चांगला नमुना मला दुसरा सापडलेला नाही. आणि दुसरी आत्या झालेल्या जोसेफिन हलचं चालणं बघा, लहान लहान पावलं, कुठलीही घाई नाही, स्वयंपाकघरात काहीतरी गॅसवर ठेवून आलेल्या बाईसारखी. पुढे 1950 च्या 'हार्वी'साठी तिला ऑस्कर मिळालं.

मूळ प्रेरणेचं थोडं सांगते, कारण ते कळल्यावर हसताना जरा वेगळं वाटतं. कनेटिकट राज्यातल्या विंडसर गावात एमी आर्चर-गिलिगन नावाची बाई वृद्धाश्रम चालवायची, तिथली माणसं आर्सेनिकने मेली असं निघालं, 1916 मध्ये तिला अटक झाली. जोसेफ केसलरिंगने नाटक लिहिलं त्याच्या मागे ही केस होती असं सांगितलं जातं. ती बाई पैशासाठी करत होती. नाटककाराने पैसा काढून टाकला आणि त्या जागी दया ठेवली, ह्या एका बदलामुळे कॉमेडी शक्य झाली. लोभासाठी मारणाऱ्या बायकांवर प्रेम करता आलं नसतं.

दुसऱ्यांदा बघताना कागद-पेन घ्या

आता पॉज करायला परवानगी आहे. मोठा कागद घ्या आणि आधी घराचा नकाशा काढा, सगळी दारं, जिना, पेटी, फोन कुठे आहे ते. मग दर एन्ट्रीला बाण. सिनेमात घर खूप मोठं वाटतं पण नकाशा काढला की दिसतं सगळा खेळ पेटी, तळघराचं दार आणि जिना ह्या तीन जागांतच चालतो, बाकी दारं फक्त माणसं आत टाकायला आणि बाहेर काढायला आहेत.

त्याच कागदाच्या मागे तक्ता करा. वर पात्रांची नावं, बाजूला गुपितं. कोणत्या क्षणी कोणाला काय माहीत आहे ते भरत जा. हे काम कंटाळवाणं वाटेल पण माझ्या मते सगळ्यात जास्त शिकायला इथेच मिळतं, कारण फार्समध्ये कथा म्हणजे हा तक्ताच असतो.

नमुन्यादाखल रात्रीचा भाग घ्या. जोनाथन आणि डॉक्टर आइन्स्टाइन घरात येऊन ठाण मांडतात, त्यांच्या गाडीत त्यांनी मारलेला एक माणूस आहे, स्पेनाल्झो नावाचा. आत्यांना स्पेनाल्झो माहीत नाही. जोनाथनला होस्किन्स माहीत नाही. टेडी अंधारात होस्किन्सला पेटीतून उचलून पनामात नेतो. जोनाथनला कळतं की तळघरात आयता खड्डा खणलेला आहे आणि तो खूश होतो, पण स्पेनाल्झोला तोपर्यंत कुठेतरी ठेवायला हवं, म्हणून त्याची रवानगी पेटीत. आता मॉर्टिमर परत येतो, पेटी उघडतो, आत वेगळाच माणूस. तो सरळ आत्यांवर चढतो की अजून एक लपवलात ना माझ्यापासून. आणि आत्यांना खरंच वाईट वाटतं, कारण त्या खोटं कधीच बोलत नाहीत, आणि हा कोण परका माणूस न विचारता आमच्या घरात पुरायला आलाय. त्यांचा तो अपमान झाल्यासारखा चेहरा पॉज करून बघा.

ह्या पूर्ण भागात एकही पात्र मूर्खपणाने वागत नाही हे तक्त्यात स्वच्छ दिसतं. प्रत्येक जण आपल्याला जेवढं माहीत आहे त्याला धरून शहाणपणानेच वागतोय, आणि सगळं माहीत असलेला माणूस एकच, तो म्हणजे प्रेक्षक. आपल्याकडच्या एकांकिकांमध्ये कितीतरी वेळा गैरसमज टिकावा म्हणून पात्रं उगाच अर्धं वाक्य बोलून निघून जातात, किंवा सांगता येण्यासारखं सांगत नाहीत. तिथे प्रेक्षक चिडतो. इथे कोणीच काही लपवत नाही, आत्या तर विचारणाऱ्या प्रत्येकाला खरं सांगतात.

मग पोलिसांना कळत कसं नाही, हा प्रश्न पडायलाच हवा, आणि त्याचं उत्तर फार सुंदर आहे. पोलीस ह्या घरात सुरुवातीपासून येतायत, गरीब मुलांसाठी खेळणी न्यायला, टेडीच्या बिगुलाची तक्रार आली म्हणून. आत्या त्यांच्या आवडत्या आहेत आणि टेडी वेडा आहे हे ठाण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे तळघरात माणसं पुरलीत असं कोणीही कितीही स्पष्ट सांगितलं तरी ते त्या वेडाच्याच खात्यात जमा होतं. म्हणजे पहिल्या दहा मिनिटांत जी माहिती नुसती ओळख करून द्यायला दिली असं वाटतं तीच शेवटपर्यंत सगळ्यांचं संरक्षण करते. तुमच्या संहितेत पोलीस, शेजारी, पोस्टमन असं कोणी असेल तर त्याला आधी एकदा बिनमहत्त्वाच्या कामासाठी आत आणून जा.

जोनाथनची एन्ट्री आणि प्रकाश

जोनाथन येतो तिथे आवाज कमी करून फक्त चित्र बघा, दोन-तीन मिनिटं. कॅमेरामन सोल पोलिटोने इथे भयपटाचा प्रकाश केलाय, खालून येणारा, भिंतीवर मोठ्या सावल्या. विनोदी सिनेमात व्हिलनसुद्धा विनोदी करायचा मोह होतो, इथे तो आवरलाय. मॅसी एकदाही हसवायला जात नाही, तो खरोखर धोकादायक आहे, मारून टाकेल असं वाटतं. म्हणून आत्या जेव्हा त्याला लहानपणचा व्रात्य भाचा समजून रागावतात तेव्हा मजा येते. त्याच्या खात्यावरही 12 खून आहेत, आणि ह्या दोन म्हाताऱ्यांनी घरबसल्या, शांतपणे, तेवढेच केले हे कळल्यावर त्याला जे लागतं ते बघाच. जोनाथन स्वतः 13 मोजतो, पण त्यातला एक धरायचा नाही कारण तो न्यूमोनियाने गेला असं डॉक्टर म्हणतो, आणि जोनाथनचं म्हणणं की मी गोळी घातली नसती तर न्यूमोनिया झाला असता का.

पीटर लॉरीवर मात्र वेगळं लक्ष द्या. तो घाबरलेला आहे, थकलेला आहे, त्याला झोपायचंय, आणि सबंध घरात एकट्या त्याला कळतंय की इथून पळायला हवं. तो मॉर्टिमरला परत परत सांगतो की निघून जा. भीती आणि विनोद ह्यांच्या मधोमध तो उभा आहे आणि दोन्हीकडची माणसं त्याच्यामुळे एका सिनेमात राहू शकतात. माझ्या मते सिनेमातलं सगळ्यात चांगलं काम त्याचं.

खुर्चीचा सीन

हा तिसऱ्यांदा बघायला ठेवा, एकटाच, सुटा. मॉर्टिमर नाट्यसमीक्षक आहे हे लग्नाच्या गडबडीत आपण विसरून गेलेलो असतो. डॉक्टर त्याला बजावतो की जोनाथनपासून सांभाळ, आणि मॉर्टिमर तावातावाने सांगायला लागतो की नाटकांमधली माणसं किती मठ्ठ असतात, घरात खुनी आहे हे माहीत असून पाठ करून खुर्चीत बसतात, मागून कोणी पडद्याची दोरी सोडवतोय तरी वळून बघत नाहीत. आणि हे सांगताना तो स्वतः खुर्चीत बसून करून दाखवतो, मागे जोनाथन पडद्याची दोरी सोडवतोय. ह्याच दोरीने त्याला बांधतात.

ह्यात शिकायचं असं की लेखकाने आपल्या प्लॉटमधली सगळ्यात कमजोर जागा लपवली नाही. हिरोला असं सहज बांधणं पटण्यासारखं नव्हतंच. मग त्याने ती शंका हिरोच्याच तोंडी दिली, आणि शंका घेता घेता हिरो अडकला. तुमच्या संहितेत असा एखादा प्रसंग असेल ज्यावर तालमीत सगळे म्हणतात की हे कोणाला पटणार, तो कापायच्या आधी असं काही करता येतंय का बघा.

पुढे लगेच हवालदार ओ'हारा येतो. त्याला नाटककार व्हायचंय. समोर समीक्षक बांधलेला, तोंडात बोळा, म्हणजे उठून जाऊ शकत नाही, ह्याहून चांगला श्रोता कुठे मिळणार, आणि तो आपल्या नाटकाची गोष्ट पहिल्यापासून सांगत बसतो. जॅक कार्सनने हे किती आनंदाने केलंय.

ग्रँट ओरडतो का

ओरडतो. डोळे मोठे करतो, उड्या मारतो, घोड्यासारखा आवाज काढतो. त्याला स्वतःला हे काम आवडलं नव्हतं, फार भडक झालं असं तो म्हणायचा. काही जागी मलाही जास्त वाटतं, विशेषतः मधल्या फोनच्या सीनमध्ये. पण दुसऱ्यांदा बघताना फक्त आत्यांकडे नजर ठेवून त्याचा आवाज ऐका, मग कळतं की त्यांच्या त्या मंद सुराला धक्का लागू नये म्हणून सगळी घबराट एकट्याने त्याने अंगावर घेतलीय. नाटक बसवताना हा हिशोब करावाच लागतो, भीती सगळ्यांत थोडी थोडी वाटून टाकलीत तर कोणालाच हसू येत नाही. एक बघण्यासारखी गोष्ट, कबरस्तानाच्या सीनमध्ये एका थडग्यावर आर्ची लीच हे नाव दिसतं. ग्रँटचं जन्मनाव आर्चिबाल्ड लीच.

शेवटाबद्दल, आणि इथून पुढे स्पॉयलर

सिनेमा बघितला नसेल तर आता इथे थांबा आणि बघून या.

मॉर्टिमरची सगळ्यात मोठी धास्ती अशी की वेड घराण्यात आहे, म्हणजे आपल्यातही असणार, म्हणजे एलेनशी संसार करता येणार नाही. शेवटी आत्या त्याला जड मनाने सांगतात की तू खरा ब्रूस्टर नाहीसच, तुझी आई आमच्याकडे स्वयंपाकीण होती आणि वडील जहाजावर आचारी. तो आनंदाने वेडा होतो. नाटकात तो अनौरस असल्याचं थेट शिवीच्याच शब्दात ओरडून सांगतो, पण तेव्हाच्या हॉलिवूडमध्ये प्रॉडक्शन कोड, म्हणजे पडद्यावर काय चालेल ह्याची नियमावली, होता, तो शब्द चालणार नव्हता, म्हणून सिनेमात तो स्वतःला जहाजावरच्या आचाऱ्याचा मुलगा म्हणवतो. आणि ती टॅक्सी आठवतेय ना, रात्रभर दारात उभी असलेली, सिनेमातलं शेवटचं वाक्य त्या ड्रायव्हरला मिळतं.

डॉक्टर आइन्स्टाइन कसा सुटतो तेही तक्त्यात लिहून ठेवा. लेफ्टनंट रूनी फोनवर त्याचंच वर्णन ऐकतोय, तो समोर उभा आहे, आणि रूनीला ओळखू येत नाही. त्याच्यासाठी हा फक्त टेडीला मनोरुग्णालयात पाठवायच्या कागदावर सही करणारा डॉक्टर आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचा बदल. सिनेमात आत्या टेडीसोबत हॅपी डेल नावाच्या मनोरुग्णालयात राहायला जायला तयार होतात आणि आपण मॉर्टिमर-एलेनबरोबर बाहेर पडतो. नाटक तिथे थांबत नाही. नाटकात सगळे गेल्यावर हॅपी डेलचे अधीक्षक विदरस्पून त्या दोघींबरोबर खोलीत उरतात. गप्पांमध्ये आत्यांना कळतं की त्यांना घरचं कोणी नाही, एकटेच असतात. मग त्या त्यांना एल्डरबेरीच्या वाईनचा ग्लास देतात, आणि पडदा.

मला नाटकाचा शेवट शंभर टक्के जास्त आवडतो. 12 ची बरोबरी झाली होती, आत्या पुढे जातात, आणि त्यांच्यात काहीही बदललेलं नाही, तीच दया, तोच ग्लास. सिनेमाला तरुण जोडप्याचं पुढे काय झालं हे दाखवणं भाग होतं, नाटकाला आपलं म्हणणं पूर्ण करता आलं.

म्हणून संहिता मिळवून वाचा, इंग्रजीत पुस्तक मिळतं, आणि वाचताना तो नकाशा शेजारी ठेवा म्हणजे कुठली दारं काप्राने वाढवली आणि कुठल्या एन्ट्र्या बाहेर कबरस्तानात नेल्या ते दिसेल. मराठीत बसवायचं मनात आलं तर हक्क रीतसर घ्यावे लागतील, आणि पात्रं निवडताना आधी दोन आत्या ठरवा, मॉर्टिमर नंतर. ऑडिशनला त्यांना रडायला-ओरडायला लावू नका, वाईनची ती कृती वाचायला द्या, आणि जी बाई ती एकदाही न हसता, आपल्याला घरी बोलावून बसवल्यासारखी सांगेल तिला घ्या.